कोरेगावचं नोटीस लागलेलं घर

भुताखेताचा विषय निघाला की उठून जाणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... आठवीतनं शाळा सुटलीय माझी, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी म्हसवडजवळचा. वीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळायच्या कामात आहे. मामांनी नेलं, त्यांचे उपकार. वडील गवंडी. जन्मभर लोकांची घरं बांधली, स्वतः भाड्याच्या पत्र्याखाली राहिले. "मी घर घेतो, मग तुम्ही निवांत बसा," असं मी दर फोनला म्हणायचो. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं...

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आलो. हप्ते थकलेल्या घरावर बँक ताब्याची नोटीस लावते, लिलावाआधी मालकाला गाठलं तर सरळ व्यवहार होतो – असं ऐकलं होतं. पेपरातली एक नोटीस बघून कोरेगावला गेलो. एकटाच. बायकोलाही बोललो नव्हतो.

भर दुपार. साठीच्या एका काकींनी दार उघडलं.

"एजंट हाईस व्हय? आल्या पावली जा."

"न्हाई काकी, मला राहायलाच पायजे."

"म्हसवडचा? सोनं गाळणारा? मग ये की! तुझं वडील काल येऊन गेलं."

"एजंटच असंल कुणीतरी," मी म्हणालो.

"एजंट दारातनंच फोटू काढत्यात. ह्यांनी चपला भाईर काढल्या, तांब्याभर पाणी मागितलं. मला वाटलं, पित्यात. तर सैपाकघरात वतलं आन् कुठं वाहतंय ते बघत बसलं! म्हणालं, उतार उलटा हाय, पोराला सांगा."

कुठलंही घर वडील असंच बघायचे.

"काकी, त्यांचा अंगठा..."

"उजव्याला नख न्हाई. विटंखाली गेलं म्हणं."

मी खाली बसलो.

"म्होरच्या खोलीत लय वेळ बसलं. म्हणालं, मला हीच बास. च्या टाकते म्हटलं तर उठलंच. आता घिऊन ये त्यास्नी."

ते हयात नाहीत, हे सांगवेना. काकी तिथं एकट्या राहत होत्या. "आणतो," म्हणालो.

व्यवहार झाला. मी भाव पाडला नाही. बँकेचं भागून काकींच्या हातातही काही उरलं, त्या सांगलीला लेकीकडं गेल्या. त्यांनी मला दारात उभं केलं, हे मी विसरणार नाही.

माझ्याआधी तिथं कोण गेलं, पत्ता कुणी दिला – काही कळत नाही. सुट्टी संपेपर्यंत पंधरा दिवस त्या घरात राहिलो. दार उघडं ठेवून.

कुणी आलं नाही.