एक्केचाळीस तळी आणि एक निळी चकती

काकांनी जर्मनीतली एक्केचाळीस तळी पाहिली होती, असं ते स्वतः सांगत. त्यातल्या सव्वीस तळ्यांना मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून खात्रीनं सांगतो की त्यांनी तळी पाहिली नव्हती. तळ्यांची पार्किंगं पाहिली होती. कुठल्या तळ्याकाठी दुपारनंतर सावली येते, कुठे झाडाचा चीक टपावर पडतो, कुठे शेजारची गाडी फार खेटून लागते, हे त्यांना तोंडपाठ होतं. पाण्याचा रंग विचारला की मात्र ते काकूंकडे बघत.

बॉबलिंगेनला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. बावीस वर्षांपूर्वी पुण्याहून गिअरबॉक्सच्या कामासाठी आले आणि कुणी न नेमता इथल्या मराठी मंडळींचे सहलप्रमुख झाले. सहलीच्या आठवडाभर आधी त्यांचा तक्ता येई. ‘निघणे ६.४०. थालीपीठ ८.१५. डोंगर ९.५०. दृश्य : बारा मिनिटे.’

“काका, दृश्याला बाराच मिनिटं का?” माझ्या बायकोनं, मेधानं, एकदा विचारलं.

“आल्झो, म्हणजे असं बघ, पाच मिनिटं बघायचं, पाच मिनिटं फोटो. दोन उरतात.”

“त्या दोन मिनिटांत काय करायचं?”

“परत बघायचं. माझी हरकत नाही.”

त्यांची खरी श्रद्धा मात्र पार्कशाईबवर होती. ही निळ्या पुठ्ठ्याची चकती. गाडी लावली की आल्याची वेळ तिच्यावर फिरवून ती काचेमागे ठेवायची आणि पाटीवरचे तास संपायच्या आत निघायचं. नियम असा की वेळ पुढच्या अर्ध्या तासावर लावायची. दहा वाजून एका मिनिटानं पोचलात तर चकतीवर साडेदहा, म्हणजे एकोणतीस मिनिटं पदरात. त्यामुळे आम्ही दहाला पाच कमी असताना गावात शिरलो, तर काका सहा मिनिटं चर्चला प्रदक्षिणा घालत. मागे बसलेल्यांना बाथरूमला जायचं असलं तरी घालत. “या देशानं आपल्याला फुकट दिलेली ही एकच गोष्ट आहे,” ते म्हणत, “ती सोडायची नाही.”

चकती लावल्यावर माणूस मोकळा व्हायला हवा. काका अडकत. ते गाडीतच बसत. गाडी लीझिंगची होती, परत देताना प्रत्येक ओरखड्याचा जाब द्यावा लागतो. शिवाय मागे सामान असे. “काचेतून कुकर दिसतो,” ते हळू आवाजात सांगत. जर्मनीत आजवर कुणी कुणाचा कुकर पळवल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण मी वाद घातला नाही. मलाही पुस्तक घेऊन गाडीत बसायला आवडे. बाकीचे तळ्याकडे जात आणि आम्ही दोघं काचा थोड्या खाली करून बसत असू. मी वाचत असे, ते आरसे बघत असत. दहा वर्षं आमची मैत्री अशी वाढली.

वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात एका भिंतीवर काकूंचे फोटो होते. तोच जांभळा स्वेटर, तेच थोडं संकोचलेलं हसू, मागे वेगवेगळं पाणी. एकाही फोटोत काका नव्हते. पाहुण्यांनी “काका कुठेत?” असं विचारलं की काकू फोटोवर बोट ठेवून सांगत, “डाव्या बाजूला. दोनशे मीटरवर.” सगळे हसत, काका सर्वांत मोठ्यानं.

गेल्या सप्टेंबरात काकूंची साठी आली. काकांनी बांगड्या करायचं ठरवलं. काकू म्हणाल्या, “अहो, बांगड्या नकोत. तळ्याकाठी दोघांचा एक फोटो हवाय. एकच. नंतर मग बसा आयुष्यभर गाडीत.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” काका म्हणाले आणि लगेच तक्ता करायला बसले. शीर्षक होतं, ‘तळी, डोंगर, सोनं’. फिख्टेल डोंगरात पूर्वी सोन्याच्या खाणी होत्या. तिथली जुनी खाणकामगारांची गावं आणि वाटेतली तीन तळी, असे दोन दिवस. आम्ही चौघं.

शनिवारी दोन तळी झाली. पहिल्या ठिकाणी काकांना शेजारच्या कॅम्पिंगगाडीचा भरवसा वाटेना. दुसऱ्या ठिकाणी ते उतरले, वीस पावलं आले, तेवढ्यात एका बाईनं आमच्या गाडीशेजारी सायकल टेकवली. ते परतले. काकू दोन्ही वेळा स्वेटर नीट करून एकट्याच उभ्या राहिल्या. संध्याकाळी त्या मेधाला म्हणाल्या, “एक राहिलंय.” एवढंच.

रविवारी सकाळी सोन्याचं गाव. खाणीची फेरी बरोबर अकराला सुटणार होती आणि अकरा वाजून एक मिनिटाची वाट बघत चर्चला घातलेल्या प्रदक्षिणा अर्धवट सोडून आम्ही दहा अठ्ठावन्नला गाडी लावली. काकूंनी चार तिकिटं आधीच घेऊन ठेवली होती. काकांसमोर दोन जर्मन धर्म एकाच वेळी उभे ठाकले, वक्तशीरपणा आणि पार्किंग. दारात गाईड घड्याळ बघत उभी होती. काका पळाले. गाडी सोडून त्यांना पळताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

आत थंडी होती, छतातून पाणी ठिबकत होतं. पिवळी शिरस्त्राणं घालून आम्ही वाकून चालत होतो. गाईड सांगत होती की इथे लोकांनी आयुष्यभर दगड फोडला आणि बहुतेकांना सोनं दिसलंही नाही. नेमक्या त्याच वेळी अंधारातून काकांचा आवाज आला, “चकती!”

गाईडनं विजेरी त्यांच्या तोंडावर धरली. “तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

“माझी पार्कशाईब,” काका म्हणाले. “मी ती लावलीच नाही.”

गटातले काही जर्मन खरोखर हळहळले. पण मध्येच कुणाला एकट्यानं बाहेर सोडत नाहीत, तसा नियम होता आणि नियम म्हटल्यावर काकांना बोलायला जागा नव्हती. पाऊण तास ते जमिनीखाली दगडांकडे बघत चालले.

बाहेर येताच ते गाडीकडे धावले. चकतीवर शनिवारच्या तळ्याची साडेपाचची वेळ तशीच होती. वायपरखाली दंडाची चिठ्ठी नव्हती. काकांनी वायपर उचलून पाहिला, गाडीखालीही पाहिलं. बाकावर एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन बसले होते. त्यांना काकांनी विचारलं, तपासनीस येऊन गेला का?

“इथे?” म्हातारबाबा म्हणाले. “इथे कोण येणार तपासायला? मी तर ती चकती कधी हलवतच नाही.”

काका परत गाडीपाशी आले. मग मला म्हणाले, “अरे, म्हणजे कुणी बघतच नव्हतं?”

मी दार उघडून आत बसलो. तेही गाडीत बसले. परतीच्या वाटेवर तासभर त्यांनी एकही मिनिट जाहीर केलं नाही. तिसरं तळं आलं. जंगलात, काळसर पाण्याचं. पार्किंगमध्ये आमच्याशिवाय एकच गाडी होती. काकू स्वेटर घालून मुकाट्यानं उतरल्या. काकांनी चकती हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“तू थांब इथे. कुणीतरी हवंच.”

आणि ते काकूंच्या मागे निघाले. फोटो मेधानं काढला. माझ्या वाट्याला ते तळं दोनशे मीटरवरून आलं.

मार्चमध्ये काका गेले. सकाळी चहा पिता पिता गेले, कुठलाही तक्ता न पाठवता. भेटायला येणाऱ्यांसमोर ठेवायला फोटो शोधायची वेळ आली, तेव्हा शोधावं लागलंच नाही. तोच एक होता. काकू तळ्याकडे पाठ करून हसतायत, काका शेजारी ताठ उभे आहेत आणि त्यांची मान पूर्ण वळलेली आहे. येणारा प्रत्येक जण विचारी, काका बघतायत कुठे? काकू हार सारखा करत सांगत, “डाव्या बाजूला. दोनशे मीटरवर.”

ते माझ्याकडे बघत होते. मी काच खाली करून हात वर केला होता, गाडी ठीक आहे असं सांगायला. फोटो त्याआधीच निघाला होता. माझा हात दिसल्यावर त्यांनी मान फिरवली, पाण्याकडे तोंड केलं आणि काकूंच्या शेजारी तळ्याकाठच्या बाकावर बसले. ते उठले तेव्हा पाण्यावरचं ऊन गेलेलं होतं. तेवढा वेळ मी काकांसारखे आरसे बघत होतो, पुस्तक काही उघडलं नाही. चकतीवर वेळ लावायची तर मलाही आठवण राहिली नाही.