नानांनी स्वीकारलेली दुरुस्ती

नानांची आणि माझी पहिली ओळख झाली ती भांडणातून. शिरपूरजवळच्या आमच्या गावच्या हायस्कुलात मी आठवीत होते. नागरिकशास्त्राच्या पहिल्याच तासाला आमचे शिक्षक नाना म्हणाले, "वर्गाचे नियम आपणच करू. मसुदा मी लिहितो, चुका तुम्ही काढा." चुका काढायला माझ्याइतकं तयार कोण असणार! उशिरा येणाऱ्याने बाहेर उभं राहावं, या नियमावर मी तावातावाने उठले. आमच्या मळ्यातून येताना ओढा लागतो, पाणी असलं की लांबून यावं लागतं, मग आम्ही काय उडत यायचं? नानांनी उभं राहून सगळं ऐकून घेतलं. "दुरुस्ती स्वीकारली," म्हणाले आणि फळ्यावरची ती ओळ पुसून टाकली. मोठ्या माणसाने आपलं म्हणणं पुसलेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

देशाच्या घटनेची मसुदा समिती आणि तिचे अध्यक्ष हा नानांचा जीव की प्राण. त्यांच्याविषयी बोलू लागले की तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू यायची नाही. प्रकृती साथ देत नव्हती, समितीतले काहीजण या ना त्या कारणाने येऊ शकत नव्हते, तरी ते एकेका कलमासाठी सभेत उभे राहून उत्तरं देत, हे नाना पुन्हा पुन्हा सांगायचे. "घटना घडवली म्हणून ते मोठे आहेतच," नाना म्हणत, "पण सभेत कोणीही उठून विचारावं, त्यांनी उत्तर द्यावं आणि पटलं तर मसुदा बदलावा, हे मला फार मोठं वाटतं." आम्हाला वाटायचं, ही दिल्लीची गोष्ट. ती एक दिवस आमच्याच दारात आली.

तापीवरून गावाच्या शेतांना पाणी आलं आणि पाणी कोणी कधी घ्यायचं, त्या पाळीचे नियम लिहायचं काम साहजिकच नानांकडे गेलं. माझे वडील तेव्हा वारले होते. आमचा तुकडा कसायची आई, पण सातबारा मोठ्या काकांच्या नावावर. नानांच्या मसुद्यात होतं की ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच मत आणि त्यालाच पाळी. म्हणजे पाण्यासाठी आईने कायम काकांच्या तोंडाकडे बघायचं, आणि काका तर आधी स्वतःची केळी भिजवणार.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. कलम वाचून झालं आणि बायकांतून आई उठली. "नाना, हाई कलम माले मंजूर नही. जमीन जेठना नावले शे. पन कपाशी मी निंदस, पाणी मी भरस. मंग मन्हा हात काब्र वर नही?"

माझा हात का नाही वर, हा आईचा सवाल सगळ्या पटांगणाने ऐकला. काका पुढच्याच रांगेत होते, नानांचे जिवलग मित्र. नाना उभे राहिले, आईकडे पाहिलं, मग काकांकडे. "वैनीन्हं बराबर शे," ते म्हणाले, "मन्हं चुकनं." आणि मतं घेतली तेव्हा आपल्याच कलमाविरुद्ध पहिला हात त्यांनी वर केला. मत आणि पाळी कसणाऱ्याची झाली.

काकांनी कितीतरी दिवस नानांशी बोलणं टाकलं. नाना मात्र रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत, उत्तर न मिळताही राम राम घालत. आमची कपाशी त्या वर्षी तरारली आणि तिच्या जोरावर मी धुळ्याला कॉलेजात गेले. धुळ्याच्या स्टँडवर माझी ट्रंक उचलून चालणारे नाना आठवले की आजही डोळ्यांत पाणी येतं. "नाना, मी घेते ना," म्हटलं तर म्हणाले, "तुला पुढे भांडायचं आहे, हात मोकळे ठेव." आता धुळ्याच्या कोर्टात मी तेच करते.

नानांच्या पंचाहत्तरीच्या, अमृतमहोत्सवाच्या तयारीची बैठक परवा त्यांच्याच अंगणात झाली. मानपत्राचा मसुदा माझा. नाना कसले ऐकतात! "वाचा, हरकती घेऊ." 'थोर' हा शब्द त्यांनी काढायला लावला. 'गावाला नियम दिले' यावर तर चक्क रागावले, "दिले नही, बठ्ठासनी करात!" तिथे 'सगळ्यांनी मिळून केले' असं झालं. शेवटचं वाक्य उरलं: नानांना निरोगी शंभर वर्षांचं आयुष्य लाभो.

आईने हात वर केला. आता तिची पाठ वाकली आहे, आवाज मात्र तोच. "माले मंजूर नही. शंभरवर काब्र थांबाडस त्यास्ले? तठे काय बांध टाकेल शे का?"

सगळे नानांकडे बघू लागले. खांबाला धरून नाना सावकाश उठले. चष्मा काढून पुसत राहिले. शेवटी कसेबसे म्हणाले, "दुरुस्ती स्वीकारली."

म्हणून शुभेच्छा देताना मी इथे वर्षांचा आकडा लिहीत नाही. नाना, जेवण वेळेवर घ्या, गुडघ्याला तेल लावत जा आणि उन्हात हिंडू नका. भर सभेत शब्द दिला आहे तुम्ही, आता पाळावा लागेल.