गाणं संपेपर्यंत

कॅम्पातल्या माझ्या भाड्याच्या खोलीखाली आप्पांचं दुकान आहे. चावी दिल्यावर आपोआप वाजणाऱ्या जुन्या पेट्या ते दुरुस्त करतात. मी सदलग्याहून कॉलेजसाठी आले, तेव्हा अशी पेटी पहिल्यांदा पाहिली. गाणं मधेच थांबवून मी ती उचलायला गेले, तर आप्पा खेकसले, "ठेव खाली! गाणं अर्धवट असताना हलवली की आतल्या पट्टीचं दात मोडत्यात. कालेजात घाईच शिकिवत्यात व्हय गं?"

ती पेटी एका जर्मन घराण्यानं बनवलेली होती. बाप, मुलं, नातवंडं सगळी त्याच कामात. "शेवटी भाऊ-भाऊ भांडलं, कारखाना बंद पडला," एवढंच आप्पा सांगत. त्यांचा स्वतःचा भाऊ निपाणीत राहायचा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

गेल्या महिन्यात आप्पा तीच पेटी कान लावून ऐकत होते, तेव्हा फोन वाजला. त्यांनी मला मानेनं खुणावलं, म्हणून मी उचलला. पुतण्या होता. "बाबांस्नी लई धाप लागलीया. डॉक्टरनं आशा सोडलीया. एकदा आप्पांशी बोलायचं म्हणत्यात."

मी फोन पुढं केला.

"गाणं संपू दे," आप्पा म्हणाले.

फोन घ्यायला पेटी थांबवावी लागत नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

गाणं मंदावत संपलं. तोवर पलीकडे रडणं सुरू झालं होतं. ते त्यांनाही ऐकू आलं.

आप्पांनी पेटीत वाकून पोलादी दातांवरून हळूच बोट फिरवलं. "एकबी मोडला न्हाय," म्हणाले. फोन अजून माझ्याच हातात होता.