पूर्व भागात ऐकलेला शब्द

सोलापूरच्या त्या प्रवासाबद्दल मी आजवर घरातही धड बोललो नाही. कुणी विचारलं तर शेंगाचटणीचं कौतुक करायचो आणि विषय बदलायचो. समितीतल्या चौघांना मात्र मी त्यातला एक किस्सा रंगवून सांगितला होता आणि ते पोट धरून हसले होते. तो किस्सा खोटा होता. आता वय झालं आहे, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

मी पुण्यात वस्त्रतंत्राचा प्राध्यापक होतो. निवृत्तीनंतर एका सरकारी योजनेच्या समितीत तपासणीचं काम मिळालं. मोठ्या शहरांबाहेरच्या कॉलेजांतलं संशोधन कपाटात पडून राहू नये, त्यातून उद्योग उभे राहावेत, म्हणून सरकार नव्या उद्योजकांना सुरुवातीचं भांडवल देणार होतं. निघताना अध्यक्ष म्हणाले, "डोळे उघडे ठेवा. अनुदान म्हटलं की तिकडे रातोरात स्टार्टअप उगवतात." मला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही आहे, असंही वाटलं नाही.

सकाळच्या गाडीने निघालो. उजनीचं पाणी मागे पडलं, मोहोळच्या आसपास दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि ज्वारीची ताटं दिसू लागली. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कुटं जायचं, काका?" चिंचोळी एमआयडीसीचं भाडं मला फार वाटलं. मीटर आहे का, म्हणालो.

"हाय की. शोभंला हाय."

चिंचोळीत एका तरुणाने स्वतः बनवलेलं म्हणून जे यंत्र दाखवलं, त्याच्या पाठीवरची कंपनीची पाटी घासून काढलेली होती. घासलेली जागा अजून चकाकत होती. अध्यक्ष बरोबर होते तर. दुपारी खानावळीत कडक भाकरीसोबत शेंगाचटणी आली. वाढप्याने न विचारता तिच्यावर तेल सोडलं, तेव्हा हा तेलाचे पैसे वेगळे लावणार, अशीही शंका मला आली. त्याने लावले नाहीत.

अशा मनाने मी पूर्व भागात पोचलो. ही विणकरांची जुनी वस्ती. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली ही माणसं बाहेर मराठी आणि घरात तेलुगू बोलतात. गल्लीत शिरताच मागांचा खडखडाट पायांतून वर चढत गेला.

अर्ज शैलजाचा होता. तिने इथल्याच कॉलेजात शिकताना एक छोटं यंत्र बनवलं होतं. मागावरचा उभा धागा तुटला की कॅमेऱ्याला ते दिसायचं, लाल दिवा लागायचा आणि माग थांबायचा. नव्या महागड्या मागांवर अशी सोय असते. हिचं यंत्र जुन्या, घरगुती मागावर बसत होतं आणि स्वस्त होतं. भांडवल मिळालं तर ती गल्लीतल्या मागांवर ते बसवणार होती. तिची आई लक्ष्मीबाई मागापाशी उभी होती.

"साहेब, बसा की. कापूस झटकून बसा, न्हाईतर तुमीच चादर व्हाल."

शैलजाने माग सुरू केला. थोड्या वेळाने लाल दिवा लागला, माग थांबला. मी वाकून पाहिलं. मला तुटलेला धागा दिसला नाही. लक्ष्मीबाईंचा एक हात मागाच्या चौकटीखाली होता. त्या हसून म्हणाल्या, "दोंग दोरिकिंडु."

"अम्मा," शैलजाने डोळ्यांनी दटावलं.

मी ऐकलं ते 'ढोंग'. खाली लपवलेलं बटण, आईच्या तोंडून निसटलेलं सत्य आणि लेकीचं दटावणं, सगळं मला एका क्षणात जुळलं. शैलजा म्हणाली, "सर, चष्मा लावून बघा, धागा इथे आहे." मी म्हणालो, "पाहिलं मी." चौकटीखाली हात घालून बघायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी घातला नाही. लॉजवर येऊन अहवाल लिहिला: घरच्या व्यक्तीनेच हे ढोंग असल्याचे बोलून दाखवले.

परतीच्या गाडीत समोर टॉवेलचे एक व्यापारी होते. घरी तेलुगू बोलणारे. सहज विचारलं, "दोंग दोरिकिंडु म्हणजे काय हो?"

"चोर. दोंग दोरिकिंडु म्हणजे चोर सापडला. लपाछपीत पोरं ओरडतात. का, काही चोरीला गेलं का तुमचं?"

"नाही," मी म्हणालो.

चोर म्हणजे तुटलेला धागा. ती बाई दिवा लागला की लेकीच्या यंत्राचं कौतुक करत होती. अहवाल अजून माझ्या पिशवीतच होता. पण मनात आलं, हेही सोलापूरचेच, आपल्या माणसांची बाजू घेणारच. शिवाय तो शब्द फार छान बसला होता. समितीत मी तो नकलेसह सांगितला. अर्ज फेटाळला गेला.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा सोलापूरला गेलो, या वेळी कुणी न पाठवता. शेजारच्यांची सून हैदराबादची. तिच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: तप्पु नादे (चूक माझीच). गाडीत ते घोकत होतो.

लक्ष्मीबाईंनी मला ओळखलं. पदराने खुर्ची पुसली. शैलजा बंगळुरूला नोकरीला होती. "तिनं दोनदा कळवलं सरकारला, यंत्र खरं हाय म्हणून. उत्तर न्हाई आलं." यंत्र मात्र मागावर होतं. बोलता बोलता लाल दिवा लागला. त्या उठल्या, चौकटीखाली हात घालून धाग्याला गाठ मारली, परत येऊन बसल्या. तोंडातून शब्द नाही.

"आता काही म्हणत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"न्हाई ओ. अर्ज नाकारल्याचं पत्र आलं, त्यात माझंच बोलणं लिवलं होतं की. शैलजानं वाचून दाखवलं. ती मला काय बोलली न्हाई, पण मी त्यावेळी तोंड मिटून बसले असते, तर पोरगी इथंच असती." त्यांनी मागाकडे पाहिलं. "तप्पु नादे, साहेब."

माझं वाक्य त्या बोलून गेल्या होत्या. मी "नाही, नाही" एवढंच पुटपुटलो आणि चहा पिऊन टाकला. निघताना त्यांनी हातात एक टॉवेल ठेवला. तोही मी घेतला.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडी गेल्यावर, टॉवेल मांडीवर असताना, ते दोन शब्द तोंडातून बाहेर पडले. समोरच्या प्रवाशाने मान वर केली.

"मला काही म्हणालात?"

"नाही," मी म्हणालो. ज्यांना म्हणायचं होतं, त्या मागे राहिल्या होत्या.