संडासाचं नाक

पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आला की किन्हवलीजवळची आमची शेतावरची नवी खोली आठवते. सासूबाई तिथे राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी संडास गुडगुडू लागला, घरभर घाण वास सुटला. "मी कल्याणला परत जाते," म्हणत त्यांनी बॅग भरली. सगळं तपासून मी शेवटी शिडीवर चढले, तर संडासाच्या टाकीतली हवा वर सोडणाऱ्या पाइपाचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीने घट्ट बांधलेलं. "पाऊस जाईल ना गो आत, म्हणून मीच बांधली," शेजारच्या काकू खालून म्हणाल्या. मी पिशवी सोडली आणि संडासात तुंबलेलं पाणी सुर्रकन गेलं. "म्हंजे मी तुमच्या संडासाचा नाक दाबला?" काकूंनी विचारलं. "म्हणून तर त्याने तोंड उघडलं," सासूबाई हसत म्हणाल्या आणि कपडे बाहेर काढू लागल्या. आता त्या तिथेच राहतात. मी सुट्टीत जाते, पाहुणी म्हणून.