प्रयागबाईंचा सोमवार

जुन्नरच्या पेठेत कुंडलिकशेठच्या धान्याच्या दुकानात मी मापाडी होतो. शेठ मोठे मातृभक्त. आई गोजरबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, तिच्या सेवेत त्यांनी काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही. त्यासाठी त्यांनी आपली बायको लावली होती.

दुकानामागेच घर. म्हातारीला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं, प्रयागवहिनींचा सगळा दिवस मला बसल्या जागी ऐकू यायचा. त्यांचं माहेर पिंपळवंडी, एस.टी.नं सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं एवढं जवळ. पण चार वर्षांत त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. वडील सावळाराम यांना मोतीबिंदू झालेला. 'दिसतंय तवर लेकीचं तोंड बघू द्या,' असा त्यांचा निरोप बाजारकऱ्यांबरोबर यायचा आणि शेठ दर वेळी विचारायचे, "आईला कोन बघंल?" प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर दिवसभर दुकानाच्या गादीवर लोडाला टेकून बसलेलं असायचं.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या साली शेठनी इन्कमटॅक्सच्या फॉर्मात, दुकानाच्या पगारखर्चात एक ओळ वाढवली: आईच्या शुश्रूषेला ठेवलेली बाई. पगार घसघशीत. ही बाई उभ्या पेठेत कुणी पाहिली नव्हती. फॉर्म शेरा मारून परत आला: घरच्या आजाऱ्याची बाई दुकानाच्या खर्चात धरता येत नाही, चूक दुरुस्त करा.

शेठनी दुरुस्त केली. खर्च काढला नाही, बाईच दुरुस्त केली. फॉर्म लिहून देणाऱ्या महंमद हनीफला म्हणाले, "धान्य निवडनारी नोकर, आसं लिव." त्यानं नाव विचारलं. तपासणी झाली तर दाखवायला बाई एकच, बायको; पण तिचं नाव स्वतःच्या आडनावासकट दिलं तर सगळंच उघडं पडणार. शेठनी डोकं लढवलं. "प्रयागबाई सावळाराम, मुक्काम पिंपळवंडी."

जिला चार वर्षं माहेरी पाठवायला सवड नव्हती, तिला शेठनी एका ओळीत तिथे पोचती केली.

मग इन्कमटॅक्सचे साहेब तपासणीला आले. त्या दिवशी वहिनी सूप घेऊन दुकानात बसल्या होत्या. "इचारंल त्याला व्हय म्हनायचं," एवढं शेठनी बजावलं होतं.

साहेबांनी आधी मला विचारलं, "रोज येता?"

"सोमवार सोडून. सोमवारी दुकान बंद."

मग वहिनींकडे वळले. "नाव?"

"प्रयागबाई सावळाराम." इतक्या खणखणीत आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पगार मिळतो?"

"मिळतो की."

शेठचा जीव भांड्यात पडला.

"रोज येता?"

"सोमवार सोडून. सोमवारी गावी जाती, बापाकडं. शेठ कंदी आडवत न्हाईत."

साहेबांनी शेठकडे पाहिलं. "छ्या, आडवीन कशाला," शेठ म्हणाले आणि टोपीनं घाम पुसला. साहेबांनी ते लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी मी सहज पेठेत चक्कर टाकली, तेव्हा वहिनी पिशवी घेऊन निघाल्या होत्या. शेठ दारात आडवे. "आईला कोन बघंल?"

"त्ये दुकानाच्या नोकराला कशापायी इचारता?" वहिनी म्हणाल्या आणि पिंपळवंडीवरून जाणाऱ्या आळेफाट्याच्या गाडीला गेल्या.

दुकान बंद, त्यामुळे शेठना पळायला जागा नव्हती. त्या दिवशी मातृभक्तीचे सगळे प्रकार त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. गोजरबाईंचं कण्हणं शेजारच्या तीन घरांत पोचलं.

संध्याकाळी एस.टी. थांब्यावर मला वहिनी भेटल्या. "दिसले मी त्यास्नी," एवढंच म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. मला फार बरं वाटलं. नंतर त्यांनी एकही सोमवार चुकवला नाही.

पुढच्या साली शेठना एकाएकी सचोटीची उबळ आली. हनीफला म्हणाले, "त्या बाईचं नाव काड. टॅक्स भरीन, पर खोटं नगं बाबा."

वहिनी दारातच उभ्या होत्या. "काडा की. नोकरीवरनं काडल्याली बाई गावाकडंच जाती. साती वार."

आतून गोजरबाई ओरडल्या, "काडू नगं रं! यका सोमवारातच माजं हाल व्हत्यात!"

हनीफनं नाव तसंच ठेवलं.