ओंजळीतलं पाणी

वाळ्याचा वास आला की जामखेडचं मैत्रिणीचं घर आठवतं. आम्ही बौद्धवस्तीत राहायचो आणि आई मैत्रिणीच्याच शेतात खुरपायला जायची. चौथीत असताना एकदा खेळून दोघींना तहान लागली. मैत्रिणीच्या आईने वाळा घातलेलं माठातलं पाणी तिला पेल्यात दिलं आणि मला म्हणाली, "तू वंजळ धर." आईचं काम जाईल म्हणून मी घरी काही बोलले नाही, पण शाळेतही पाणी प्यायचं सोडलं. एके दिवशी प्रार्थनेत चक्कर येऊन पडले. डोळे उघडले तेव्हा मैत्रीण शेजारी रडत होती. तिने आपल्या बाटलीतला एक घोट घेतला आणि तीच बाटली माझ्या तोंडाला लावली. "पी गं, माझं उष्टं हाय." मी प्यायले. तरीही आज कुणी पाणी विचारलं, की तोंडून आधी "नको"च निघतं.